कळपात ब्रुसेलोसिस किती आहे आणि का आहे, हे कसे शोधावे

ब्रुसेलोसिस हा ब्रुसेला या जंतूमुळे होणारा रोग. त्यात जनावरे गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भपात होतो, आणि तो माणसालाही लागतो. त्याच्या पाहणीचा शेवट बहुतेक वेळा एका टक्केवारीवर होतो. इतक्या जनावरांचे रक्त तपासले, इतकी बाधित निघाली, अहवाल पूर्ण. त्या आकड्यावरून गोठ्यात काय बदलायचे हे मात्र सांगता येत नाही. जनावरे कशी निवडली, लस कोणाला दिली होती, रक्त घेताना गाय व्यायला किती दिवस झाले होते, गाभडलेल्या गायीची वार कुठे टाकली, यातले काहीच नोंदवलेले नसते. हा रोग मुख्यतः विण्याच्या आणि गाभडण्याच्या वेळी पसरतो. नमुन्यांची आखणी, प्रश्नावली आणि नंतरचे उपाय या तिन्ही गोष्टी त्या वेळेभोवती बांधल्या तरच आकडा कामाचा ठरतो.

जंतू कुठे असतो

गाई-म्हशींत प्रामुख्याने ब्रुसेला अबॉर्टस, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस आणि डुकरांत ब्रुसेला सुइस आढळतो. माणसाला सर्वांत तीव्र आजार मेलिटेन्सिसमुळे होतो. गाई आणि शेळ्या एकाच आवारात असतील तर तो गाईंतही शिरतो, म्हणून फक्त गाई तपासून शेळ्या सोडून देणे ही पाहणीतली पहिली चूक.

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या वारेत एरिथ्रिटॉल हा पदार्थ असतो आणि त्यावर ब्रुसेला झपाट्याने वाढतो. त्यामुळे गर्भ बहुधा शेवटच्या टप्प्यात पडतो, गाईत साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यात. पडलेला गर्भ, वार, गर्भजल आणि पुढचे काही आठवडे येणारा स्राव जंतूंनी भरलेला असतो. दुसऱ्या जनावराने ते चाटले, हुंगले किंवा त्याने भिजलेला चारा खाल्ला की संसर्ग झालाच म्हणून समजा. थंड, ओल्या, सावलीच्या जागी हा जंतू आठवडे-महिने तग धरतो, कडक उन्हात मात्र लवकर मरतो.

फसगत होते ती यापुढे. बहुतेक बाधित गाई एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला जिवंत वासरू झाले की मालकाला वाटते गाय सुधारली. ती गाय दुधातून आणि प्रत्येक वेताच्या स्रावातून जंतू टाकतच राहते. बाधित गाईच्या पोटी जन्मलेली एखादी कालवड पहिल्या वेतापर्यंत रक्ततपासणीत निर्दोष दिसते आणि व्यायल्यावर बाधित निघते. तेव्हा 'आमच्याकडे कोणी गाभडत नाही' या उत्तरावर गोठा स्वच्छ ठरवू नये.

किती जनावरे तपासायची

आधी प्रश्न ठरवा. 'या गोठ्यात रोग आहे का?' आणि 'या भागातल्या किती टक्के जनावरांत रोग आहे?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची नमुनासंख्याही वेगळी येते.

रोग आहे की नाही एवढेच पाहायचे असेल आणि कळप मोठा असेल, तर 'रोग असलाच तर निदान ५ टक्के जनावरांत असेल' असे धरून यादृच्छिकपणे निवडलेली ५९ जनावरे पुरतात. त्यांत एकही बाधित निघाले नाही तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. १० टक्के धरले तर २९ पुरतात, १ टक्का धरला तर २९९ लागतात. चाचणी अचूक आहे असे मानून हे आकडे येतात. चाचणी काही बाधितांना चुकवत असेल तर संख्या वाढवावी लागते. लहान गोठ्यात हा हिशेब मांडूच नये, वयात आलेली सगळी जनावरे तपासावीत.

प्रमाण मोजायचे असेल तर सूत्र असे: ३.८४ × अपेक्षित प्रमाण × (१ − अपेक्षित प्रमाण) ÷ (चालण्याजोगी चूक)². यातला ३.८४ हा ९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा. अपेक्षित प्रमाण २० टक्के आणि चूक वर-खाली ५ टक्के धरली तर २४६ जनावरे येतात. काहीच अंदाज नसेल तर ५० टक्के धरावे, मग ३८४ येतात. बरेच जण इथेच थांबतात आणि चुकतात. एकाच गोठ्यातली जनावरे एकमेकांसारखी असतात: एक बाधित असेल तर शेजारची बाधित असण्याची शक्यता जास्त. म्हणून २४६ ला १ + (दर गोठ्यामागे जनावरे − १) × साधर्म्य गुणांक याने गुणावे लागते. हा गुणांक म्हणजे एकाच गोठ्यातली जनावरे एकमेकांसारखी किती, हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा. दर गोठ्यातून ५ जनावरे घेतली आणि गुणांक ०.२ धरला तर १.८ पट, म्हणजे ४४३ जनावरे लागतात. तेवढी जमणार नसतील तर गोठे वाढवा आणि दर गोठ्यामागची जनावरे कमी करा. थोड्या गोठ्यांतून खूप जनावरे घेण्यापेक्षा याने माहिती जास्त मिळते.

निवड गोठ्यांच्या यादीतून चिठ्ठी काढून व्हावी. शिबिरात मालकांनी स्वतःहून आणलेली जनावरे तपासली तर त्यांत गाभडलेली, उलटलेली (रेतनानंतर गाभण न राहिलेली), वार अडकलेली जनावरे जास्त येतात आणि प्रमाण फुगते. याच्या उलटही घडते. गाभडलेली गाय मालकाने आधीच विकून टाकलेली असते, उरलेल्यांची तपासणी चांगली येते आणि रोग दुसऱ्याच्या गोठ्यात गेलेला असतो. म्हणून गेल्या दोन वर्षांत विकलेल्या आणि कत्तलीला गेलेल्या जनावरांची नोंद घ्या, विकण्याच्या कारणासकट.

सहा महिन्यांखालची वासरे वगळावीत, कारण चिकातून मिळालेली प्रतिपिंडे (जंतूविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने, चाचणी हीच शोधते) त्यांच्या रक्तात असू शकतात. व्यायला किंवा गाभडायला आलेल्या गाईच्या रक्तात त्याच सुमारास प्रतिपिंडे सापडतीलच असे नाही. तिचे रक्त घ्या, पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या, आणि पहिला निकाल निर्दोष आला म्हणून तिला सोडून देऊ नका.

रक्त आणि रक्तजल

गुठळीरोधक नसलेल्या निर्जंतुक नळीत ५ ते १० मिली रक्त मानेच्या शिरेतून, किंवा गाई-म्हशींत शेपटीच्या शिरेतून घ्यावे. प्रत्येक जनावराला नवी सुई हवीच. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक त्याच क्षणी लिहा. चार जनावरे झाल्यावर आठवून लिहिलेले क्रमांक नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाहीत.

नळी तिरकी ठेवून सावलीत एक-दोन तास गुठळी बसू द्या, मग शीतकपाटात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वरचे पिवळसर रक्तजल स्वच्छ नळीत काढून घ्या. लगेच तपासायचे नसेल तर उणे २० अंशांवर ठेवा. अख्खे रक्त कधीही गोठवू नका. गोठवणे, ओली सिरिंज, हलणाऱ्या गाडीत न बांधलेल्या नळ्या, सुईतून जोराने ढकललेले रक्त यामुळे तांबड्या पेशी फुटतात, रक्तजल लालभडक होते आणि निकाल वाचताना घोळ होतो.

रोझ बंगाल चाचणी

ही प्राथमिक चाचणी स्वस्त आणि जलद आहे, पण नीट न केल्यामुळे ती बदनामही होते.

१. प्रतिजन (मारलेल्या, रंगवलेल्या ब्रुसेला जंतूंचे द्रावण, प्रतिपिंडे असतील तर त्याच्या गुठळ्या होतात) आणि रक्तजल दोन्ही शीतकपाटातून काढून खोलीच्या तापमानाला, साधारण २२ अंशांच्या आसपास येऊ द्या. थंड प्रतिजनाने गुठळ्या उशिरा आणि अपुऱ्या दिसतात. त्या दिवशी लागेल तेवढेच प्रतिजन बाहेर काढा, उरलेले ४ अंशांवर राहू द्या. गोठलेले प्रतिजन टाकून द्या.

२. पांढऱ्या फरशीवर किंवा काचपट्टीवर २५ ते ३० मायक्रोलिटर रक्तजल ठेवा. प्रतिजनाची बाटली हलक्या हाताने हलवून घ्या आणि तेवढेच प्रतिजन शेजारी टाका. शेळ्या-मेंढ्यांसाठी ७५ मायक्रोलिटर रक्तजलाला २५ मायक्रोलिटर प्रतिजन असे तीनास एक प्रमाण घेतले तर बाधित जनावरे कमी निसटतात.

३. काडीने मिसळून सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ करा. दर नमुन्याला नवी काडी.

४. फरशी ४ मिनिटे हळूहळू डोलवा आणि ४ मिनिटे होताच चांगल्या उजेडात वाचा. डोळ्यांना दिसेल अशी कोणतीही गुठळी म्हणजे बाधित. उशिरा वाचले तर थेंबाची कड सुकते आणि सुकलेली कड गुठळीसारखी दिसते. घाईघाईने दोन मिनिटांत वाचले तर सौम्य निकाल हातचे जातात.

५. प्रत्येक फेरीत एक माहितीतले बाधित आणि एक माहितीतले निर्दोष रक्तजल चालवा. ते बरोबर आले नाही तर ती संपूर्ण फेरी रद्द.

खोटा बाधित निकाल दोन कारणांनी जास्त येतो. एक म्हणजे गाईंना ब्रुसेलोसिसविरुद्ध दिली जाणारी एस-१९ लस. दुसरे, यर्सिनिया एंटेरोकोलिटिका ओ-९ सारखे जंतू, ज्यांचे बाह्य आवरण ब्रुसेलासारखे असते. एस-१९ ठरलेल्या लहान वयात दिली तर बहुतेक कालवडींची प्रतिपिंडे दीड वर्षाच्या सुमारास ओसरतात. मोठ्या गाईला दिली तर ती फार काळ टिकतात. लसीची तारीख माहीत नसेल तर 'माहीत नाही' असेच लिहा, 'लस नाही' असे लिहू नका. आरबी-५१ या दुसऱ्या लसीने मात्र ही चाचणी बाधित येत नाही.

रोगाचा इतिहास नसलेल्या गोठ्यात बाधित निघालेले नमुने अप्रत्यक्ष एलायझा किंवा पूरक स्थिरीकरण चाचणीने (या प्रतिपिंडे शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या) पडताळून घ्यावेत. लस दिलेल्या कळपासाठी स्पर्धात्मक एलायझा जास्त सोयीची. जिथे रोग आधीच सिद्ध झाला आहे तिथे दुसऱ्या चाचणीची वाट पाहत बसणे परवडत नाही. रोझ बंगालमध्ये बाधित निघालेले जनावर बाधितच धरून वेगळे करा.

दुधावरची चाचणी

गाईंच्या कळपावर लक्ष ठेवण्यासाठी मिल्क रिंग चाचणी चांगली. १ मिली दुधात ३० ते ५० मायक्रोलिटर रंगीत प्रतिजन घाला, दुधाचा स्तंभ निदान २५ मिलिमीटर उंच राहील अशी अरुंद नळी घ्या, हलकेच मिसळून ३७ अंशांवर एक तास ठेवा. वरच्या सायीचे कडे खालच्या दुधापेक्षा गडद झाले तर बाधित. सगळ्या गाईंच्या एकत्रित दुधावर ही चाचणी करताना मोठ्या कळपात एका गाईचे दूध इतरांच्या दुधात विरळ होते, म्हणून १५० पर्यंत गाईंना १ मिली, १५० ते ४५० ला २ मिली आणि ४५१ ते ७०० ला ३ मिली दूध घ्यावे.

दूध गोठवलेले, तापवलेले, जोरात हलवलेले किंवा ७२ तासांपेक्षा जुने नसावे. चीक, कासदाह आणि आटत आलेले दूध यांनी खोटे कडे येते. शेळी-मेंढीच्या दुधासाठी ही चाचणी वापरू नये.

आकडा दुरुस्त करणे

४०० पैकी ४० बाधित म्हणजे १० टक्के. हे झाले चाचणीतले प्रमाण. चाचणी बाधितांपैकी ९० टक्के पकडते आणि निर्दोषांपैकी ९७ टक्क्यांना निर्दोष सांगते असे धरू. खरे प्रमाण = (चाचणीतले प्रमाण + ०.९७ − १) ÷ (०.९० + ०.९७ − १), म्हणजे ०.०७ ÷ ०.८७, सुमारे ८ टक्के. फरक फार वाटत नाही. पण चाचणीत ४ टक्केच आले असते तर हाच हिशेब १.१ टक्क्यावर येतो: बाधित ठरलेल्यांपैकी बहुतेक जनावरे मुळात निर्दोष! कमी प्रमाणाच्या भागात एका चाचणीवर जनावरे काढून टाकणे किती अन्यायाचे आहे हे यातून दिसते.

जनावरांचे प्रमाण आणि गोठ्यांचे प्रमाण दोन्ही वेगवेगळे सांगा. ८ टक्के जनावरे चाळीस गोठ्यांत विखुरलेली असणे आणि तीन गोठ्यांत एकवटलेली असणे यांवरचे उपाय एकसारखे नसतात.

प्रश्नावली: कारण आणि परिणाम वेगळे ठेवा

पाहणीच्या अहवालांत 'गर्भपाताचा इतिहास' आणि 'वार अडकणे' हे जोखीम घटक म्हणून छापलेले हमखास दिसते. त्याच जनावराच्या बाबतीत ते रोगाचे परिणाम आहेत, कारणे नाहीत. त्यांचा उपयोग गोठा ओळखायला करा. जोखीम म्हणून त्या घटनेनंतर काय केले ते विचारा.

विचारण्याजोगे प्रश्न नेमके हवेत. 'स्वच्छता राखता का?' याला प्रत्येक जण हो म्हणतो. त्याऐवजी असे विचारा: मागची गाय कुठे व्यायली, दावणीतच की वेगळ्या जागी? तिची वार कोणी उचलली, कशाने उचलली, कुठे टाकली? कुत्र्यांनी ती ओढून नेली होती का? व्यायलेल्या जागेवरचा चारा आणि अंथरूण पुढे कुठे गेले? शेवटचे विकत आणलेले जनावर कोणत्या महिन्यात आणले, गाभण होते का, किती दिवस वेगळे बांधले, तपासले होते का? चराई आणि पाण्याची जागा कोणाच्या जनावरांबरोबर सामाईक आहे? कच्चे दूध कोण पिते? जमेल तिथे उत्तर डोळ्यांनी पडताळा. वेगळी विण्याची जागा आहे म्हणणाऱ्याला ती दाखवायला सांगा. तिथे जळण रचलेले असेल तर उत्तर 'नाही' असे नोंदवा.

वळूबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. गाईंत नैसर्गिक रेतनातून हा रोग फारसा पसरत नाही, कारण वीर्य योनीत पडते. कृत्रिम रेतनात ते गर्भाशयात सोडले जाते, म्हणून बाधित वळूचे वीर्य वापरणे जास्त धोक्याचे. तरीही 'सामाईक वळू' हा घटक पाहण्यांत बाधित गोठ्यांशी जोडलेला दिसू शकतो. त्यामागे बहुधा गाईची दुसऱ्याच्या आवारात होणारी ये-जा असते, म्हणून तेही वेगळे विचारा. डुकरांत मात्र नैसर्गिक रेतन हाच पसरण्याचा एक मोठा मार्ग आहे.

वयाबाबतही जपून. म्हाताऱ्या गाईंत प्रमाण जास्त दिसते, कारण त्यांना संसर्गाची संधी जास्त वर्षे मिळालेली असते. त्यावरून 'म्हाताऱ्या गाई विका' असा सल्ला देऊ नये.

घटकाचे वजन काढणे

समजा १५० गोठे पाहिले. गेल्या दोन वर्षांत जनावर विकत आणलेले ६०, त्यांतले १८ बाधित. न आणलेले ९०, त्यांतले ९ बाधित. शक्यतांचे गुणोत्तर (ऑड्स रेशो, म्हणजे दोन्ही गटांतल्या बाधित-निर्दोष प्रमाणांची तुलना) = (१८ × ८१) ÷ (४२ × ९) = ३.९ आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा साधारण १.६ ते ९.३. मर्यादेत १ येत नाही, म्हणजे संबंध निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी. मर्यादा रुंद आहे, म्हणून 'चौपट धोका' असा मथळा देऊ नये. शिवाय शक्यतांचे गुणोत्तर आणि धोक्याचे गुणोत्तर एक नव्हे: इथे ३० टक्क्यांना १० टक्के, म्हणजे धोका तिप्पट आहे.

आता कळपाचा आकार मध्ये येतो. मोठे गोठे जनावरे जास्त विकत आणतात आणि मोठ्या गोठ्यात विणाऱ्या गाईही जास्त असतात. म्हणून लहान आणि मोठ्या गोठ्यांचे तक्ते वेगळे मांडा. दोन्हींत गुणोत्तर टिकले तर खरेदीचा स्वतःचा वाटा आहे असे म्हणता येईल. बहुचल विश्लेषण, म्हणजे अनेक घटकांचा एकत्र हिशेब, करायचे असेल तर दर घटकामागे निदान १० बाधित गोठे हवेत. इथे ते २७ आहेत, म्हणून दोन, फार तर तीन घटकांपलीकडे जाऊ नये. आणि प्रत्येक सवयीला तारीख विचारा. गाय गाभडल्यावर वेगळी विण्याची जागा केलेल्या गोठ्यात रोग आहे आणि वेगळी जागाही आहे. तारीख नसेल तर ती जागाच धोक्याची असल्यासारखे गणित येते.

निकालानंतर गोठ्यात

जनावरांवर प्रतिजैविकांचा उपचार करून रोग भरवशाने जात नाही, त्यात वेळ घालवू नये. नियमांनुसार बाधित जनावर कळपातून काढणे हा पक्का मार्ग. पण ते बाजारात विकणे म्हणजे रोग विकणे. ते काढेपर्यंत त्याला वेगळे बांधा, शेवटी दोहा आणि त्याचे विणे इतरांपासून दूर होऊ द्या. उरलेल्यांची तपासणी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करत राहा, लागोपाठ निर्दोष येईपर्यंत. विकत आणलेले गाभण जनावर व्यायल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय कळपात सोडू नये. लस लहान वयाच्या माद्यांनाच द्या, गाभण गाईला एस-१९ दिली तर ती गाभडू शकते. नरांना ही लस देऊ नये.

गाभडलेले दिसले तर उघड्या हाताने काहीही उचलू नका. कोपरापर्यंतचे हातमोजे, गमबूट, मास्क आणि डोळ्यांवर चष्मा घालून गर्भ, वार आणि भिजलेले अंथरूण एकत्र जाड पिशवीत भरा. प्रयोगशाळेसाठी नमुना हवा असेल तर तो आधी काढून घ्या. मग जाळा किंवा पाण्याच्या स्रोतापासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल पुरा. जमिनीवरची घाण आधी खरवडून काढा, कारण शेणाखाली जंतुनाशक पोचत नाही. मग २० टक्के ताज्या विरवलेल्या चुन्याचे पाणी किंवा २ ते ३ टक्के कॉस्टिक सोडा ओतून तासभर राहू द्या. चतुर्थक अमोनियम प्रकारची जंतुनाशके यासाठी घेऊ नयेत. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, तो हातपाय धुवायला नाही. त्यासाठी आयोडीनयुक्त द्रावण किंवा अल्कोहोल वापरा.

दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले की जंतू मरतो, घरी सरळ उकळी आणावी. कच्च्या दुधाचे ताजे चीज धोक्याचेच.

गोठ्यात काम करणाऱ्या, दूध काढणाऱ्या आणि नमुने घेणाऱ्या प्रत्येकाची यादी पाहणीसोबतच करा. येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे-कंबर दुखणे, पुरुषांत वृषणाची सूज यांतले काही असेल तर डॉक्टरांकडे पाठवताना 'बाधित कळपाशी संपर्क' असे चिठ्ठीवर लिहून द्या. ते लिहिले नाही तर ही लक्षणे दुसऱ्याच तापाच्या नावावर जातात. लस टोचताना सुई स्वतःला लागली किंवा थेंब डोळ्यांत उडाला तर ताबडतोब धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि लसीची बाटली सोबत न्यावी. आरबी-५१ लसीतल्या जिवंत जंतूवर रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक चालत नाही, शेळ्या-मेंढ्यांच्या रेव्ह-१ लसीतल्या जंतूवर स्ट्रेप्टोमायसिन चालत नाही. कोणती लस होती हे कळल्याशिवाय योग्य औषध निवडता येत नाही.